बुडालेल्या घराचा उरलेला रंग

धरणाचं पाणी चढणार हे अख्ख्या गावाला ठाऊक असताना माझ्या बाबांनी घराला निळा रंग दिला. चौदा एप्रिलच्या जयंतीच्या आधी आमच्याकडे दरवर्षी घर रंगायचं, म्हणून त्याही वर्षी रंगलं. लोक हसले. "बुडणाऱ्या घराले कायले रंग देऊन राहिले, भाऊ?" बाबा म्हणाले, "मंग का मळक्या अंगानं पाठवू त्याले?" अशा माणसाशी कोण डोकं लावणार!

उरलेली अर्धी बादली ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आमच्यासोबत नव्या गावठाणात आली. नव्या घराची एक भिंतही त्यात झाली नसती. पण बाबा अधूनमधून दुपारी झाकण उघडून नुसते बघत बसायचे. घर सोडताना त्यांच्या डोळ्यातून टिपूस निघालं नव्हतं, आणि इथे बादलीपुढून तासन्‌तास हलायचे नाहीत.

काही वर्षांनी रंग सडला. पाण्यात कालवायचा रंग तो, असा किती टिकणार? सपरीभर, म्हणजे पुढच्या ओसरीभर, घाण वास सुटला. आई वैतागली. "अजी, टाका ना तो आता! पण नालीत नोका ओतू, नाली तलावात जाते."

"नालीत कायले? घरी नेऊन देतो," बाबा म्हणाले.

त्यांच्या तोंडी घर म्हणजे अजूनही पाण्याखालचंच. नावेतून बरोबर त्याच्या वर जाऊन रंग ओतायचा, म्हणजे घराचं घराला पोचेल, असा त्यांचा हिशेब. आई कपाळावर हात मारून आत गेली. मी मात्र सोबत निघाले, नाहीतर म्हातारा बादलीसकट पाण्यात जायचा.

आमच्याच जुन्या गावचा एक मासेमार डोंग्यातून घेऊन गेला. सकाळ होती, पाण्यावर धुकं होतं, काठ दिसत नव्हता. बाबा बादली मांडीत धरून हळूहळू सांगत होते, "हा शाळेचा रस्ता. इथं हापशी." मी वाकून बघितलं. हिरवट पाणी, बाकी काही नाही. तरी मला वाटलं, खाली कोणीतरी हापशी मारत असेल, पाण्याचा गुंड भरत असेल, आणि आपण त्यांच्या डोक्यावरून ढगासारखे चाललोय. भीती वाटली नाही. उलट तिथेच राहावंसं वाटलं.

"थांबव. आलं घर," बाबा म्हणाले आणि झाकण उघडलं.

"काका, थांबा ना! माहं जाळं हाये इथं."

"पाण्याचा रंग हाये बापू, पाण्यात मिसळून जाईन."

"पाण्यात जाईन, मंग मच्छीच्या पोटात बी जाईनच ना." त्याने जाळं ओढलं. दोन रोहू डोंग्यात तडफडू लागले. "हे तुमच्याच घरचे हायेत, काका. तुमच्या सपरीत राहतेत."

"माह्या सपरीत?"

"मंग! फुकटचे भाडेकरू!"

बाबा त्या माशांकडे बघतच राहिले. मग हसले, किती दिवसांनी! झाकण दाबून बसवलं. "चाल, फिरव डोंगा."

बादली परतच येणार हे धरून आईने अंगणात जुनी ताडपत्री अंथरून ठेवली होती. त्यावर राइस मिलमधला धानाचा कोंडा ओतला. सांडलेलं काहीही ती कोंड्यानेच शोषून घ्यायची, मग रंग काय वेगळा? तिने बादली कोंड्यावर रिकामी केली आणि काडीने कालवायला लागली. "पुरा वाळला का पोत्यात भरून कचरागाडीत देऊ. जाळाचा नाही, धुवाचा नाही."

ऊन चढलं. कोंड्यात निळा मुरत गेला, वासही कमी झाला. बाबा उठले, तिच्या हातातली काडी घेतली. "आण, मी करतो." एकेक ओला गोळा फोडून ते पसरत राहिले. शेवटचा ओला निळा कोंड्यात गेला तेव्हा त्यांनी काडी बाजूला ठेवली.

"गेलं वं घर," ते आईला म्हणाले, आणि तिथेच उन्हात बसून मोठ्याने रडू लागले.

मी धावले. आईने हाताने मला अडवलं. ती त्यांच्याजवळ खाली बसली.

"रडा," ती म्हणाली. "तवा सामान भराच्या घाईत तुमाले सवडच नाही भेटली."