चहा नको, घावनं चालतील

मंडळी, आज मी जिंकून आलोय.

मी मॉर्मन, म्हणजे ख्रिश्चनांमधल्या एका पंथाचा, हे तुम्हाला माहीतच आहे. इथे आखातात धर्मप्रचाराला बंदी आहे. त्याऐवजी मी आणि चर्चमधला माझा फिलिपिनो जोडीदार सुट्टीच्या दिवशी सेवा म्हणून लोकांचं सामान फुकट हलवून देतो. या मंदीत घरं बदलणारे भरपूर.

आज खलिफा सिटीत रत्नागिरीच्या एका मुस्लिम कुटुंबाचा फ्रिज तिसऱ्या मजल्यावरून उतरवला. घरच्या खालांनी, म्हणजे मावशींनी, लगेच चहा आणला. आमच्या धर्मात चहा चालत नाही, त्यामुळे दोघांनीही नको म्हटलं.

खालांचा चेहरा पडला. "आमच्या घरचं चालत नाय का रे तुला?"

माझं हिंदू आडनाव ऐकून त्यांनी भलताच अर्थ काढला होता. धर्म समजावत बसलो तर प्रवचन होणार. मी म्हणालो, "खाला, चहा मी आईच्या हातचाही पीत नाही. पण भूक जाम लागलीय."

त्यांनी बांधलेलं खोकं स्वतः फाडून तवा काढला. मी नऊ घावनं खाल्ली, जोडीदाराने अकरा.

"नव्या घरात पहिलं जेवण तुमचंच," खालांनी बजावलं. "खलास, विषय संपला."

चार वर्षं मी चहा नाकारायची कारणं पाठ करतोय. जेवायला मागायचं मात्र आज सुचलं. तुम्ही शेवटचं कुणाकडे हक्कानं मागून खाल्लंत?