सूप वाजलं!

पळीबाईंना हे नाव कारखान्याच्या कँटीनने दिले. अठरा वर्षे त्या एकाच पातेल्यामागे उभ्या होत्या. भोंगा झाला की समोर येईल त्या वाटीत एक पळी सूप. सूप कसले, गरम पाण्याला भाजीची नुसती ओळख करून दिलेली! वर ठेकेदार रोज येऊन फर्मावायचा, "एक तांब्या पाणी घाला, सगळ्यांना पुरेल." एके दिवशी बाईंनी तो तांब्या खाली ठेवला आणि स्वतःचे दुकान टाकते म्हणाल्या.

ठेकेदार पोट धरून हसला. "टाका की! महिनाभर तुमची जागा राखून ठेवतो. एक तारखेला मीच येतो न्यायला."

ते 'न्यायला' बाईंना फार झोंबले. रुसून माहेरी गेलेल्या सुनेबद्दल बोलावे तसा बोलत होता मेला.

गल्लीच्या वळणामागे एक खोली मिळाली. दोन बाकडी, एक शेगडी, कल्हई केलेले पितळी पातेले आणि त्याचे परातीएवढे झाकण. पाटी धाकट्या दिरानेच रंगवली, कारण पाट्या रंगवणे हाच त्याचा धंदा. ब्रश पुसता पुसता तो म्हणाला, "वहिनी, तुम्ही काढलंय सूप. आणि सूप म्हटलं की ते कधी ना कधी वाजणारच!"

सगळे खो खो हसले. बाईही हसल्या, पण शब्द मनात रुतून बसला.

पदार्थात खोट नव्हती. लाल भोपळा आधी भाजून घेतलेला, लसूण सढळ, मिरी ताजी कुटलेली, आणि पळी उभी राहील इतके दाट. पण गिऱ्हाईक येईल तर शपथ! वळणाअलीकडे माडीवरच्या शिवणकारखान्यात चाळीस बाया दिवसभर मशिनी चालवत होत्या आणि जेवणाच्या सुट्टीत आतच बसून डबे खात होत्या. वळणामागे सूप मिळते हे त्यांना कोण सांगणार? बाईंना हाकच मारता येत नव्हती. कँटीनमध्ये भोंगा होई आणि माणसे आपोआप येत. अठरा वर्षांत 'या, बसा' म्हणायची वेळच आली नव्हती. दारात उभ्या राहून त्या तोंड उघडत, आणि खोकून परत आत येत.

उरलेले सूप घरी जाई. तीन आठवडे घर सुपावर होते. शेवटी सासूबाईंनी वाटी बाजूला सारली. "अगं, माझे चार दात अजून शाबूत आहेत, त्यांनाही काहीतरी काम दे! आणि जरा बोलायला शीक. बोलणाऱ्याची माती विकते, न बोलणाऱ्याचं सोनं पडून राहतं."

एक तारखेला चार दिवस उरले. त्या दुपारी दीर दारातून डोकावला, रिकामी बाकडी पाहिली आणि सवयीने म्हणाला, "काय वहिनी, वाजलं का सूप?"

बाईंचा संताप मस्तकात गेला. त्यांनी एका हातात झाकण उचलले, दुसऱ्या हातात पळी घेतली आणि गल्लीत येऊन दाणकन हाणली. "हो, वाजलं! घ्या, वाजलं सूप! ऐका सगळे, वाजलं!" अठरा वर्षांचा आवाज एकदम बाहेर पडला. झाकण असे घणघणले की दिराने दोन्ही कानांवर हात ठेवले.

शिवणकारखान्यात नुकत्याच मशिनी थांबल्या होत्या. खिडक्यांतून डोकी बाहेर आली. काहीतरी भांडण दिसते म्हणून आठ-दहा बाया धावतच उतरल्या, आणि वळणावर त्यांना भाजलेल्या लसणाच्या वासाने गाठले. भांडण राहिले बाजूला. पहिलीने वाटी पुसून खाल्ली, दुसरीने डब्याच्या झाकणात आणखी मागून घेतले. पातेले अर्धे झाले, आणि बाईंचे डोळे भरून आले. सुपात कांदा नव्हता, त्यामुळे त्याच्यावर ढकलायचीही सोय नव्हती.

दुसऱ्या दिवशी बाईंनी मुद्दाम झाकण वाजवले. तिसऱ्या दिवशी वाजवण्याआधीच वरून हाका आल्या, "बाई, सूप वाजलं का?" दिराने मुकाट्याने पाटी उतरवली आणि नवी रंगवली: 'सूप वाजलं!'

एक तारखेला ठेकेदार आला, अगदी इस्त्रीच्या शर्टात. थेट आत घुसणार तोच एक शिवणारी ओरडली, "ओ दादा, रांग आहे!" बिचारा उन्हात उभा राहिला. पुढून येणाऱ्या वासाने त्याच्या तोंडाला पाणी सुटले आणि न्यायचे बोलणे राहूनच गेले. अखेर त्याची पाळी आली, तेव्हा पळी पातेल्याच्या बुडाला घासत होती.

"संपलं हो," बाई म्हणाल्या.

"अहो, एक तांब्या पाणी घाला ना, माझ्यापुरतं होईल."

बाईंनी शांतपणे पेला विसळला, काठोकाठ भरला आणि त्याच्यापुढे ठेवला.

"पाणी आमच्याकडे प्यायला मिळतं. सूप हवं तर उद्या या, वाजलं की."