बत्तीस मिनिटं

वडगाव रासाईच्या सगुणाबाई कोळपे आपल्या गेलेल्या मुलाचा मोबाईल रोज चार्जिंगला लावत. सिम कधीच बंद झालं होतं, फोन कुणाचा येणार नव्हता. पण त्यांना तो बंद पडू द्यायचा नव्हता. कुठंही निघाल्या तरी तो पिशवीत असायचा.

तो मुलगा, सुरज, कुरकुंभला औषधाच्या एका कारखान्यात ऑपरेटर होता. पौषात रात्रपाळी सुटल्यावर धुक्यात, सांडलेल्या खडीवरून त्याची मोटारसायकल घसरली. कुणीतरी अ‍ॅम्ब्युलन्सला फोन केला होता, तो कोण ते कळलं नाही. दवाखान्यातून पाकीट, मोबाईल आणि बूट परत मिळाले. हातातलं स्मार्टवॉच मिळालं नाही.

सगुणाबाईंची मुलगी अंकिता शिरूरला कॉलेजात शिकत होती. तिनं तिथल्या मोबाईलच्या दुकानात विचारलं, तर दुकानदार म्हणाला, "अ‍ॅपमधून घड्याळ काढून टाका. नाहीतर ज्याच्या हातात पडलंय त्याला तुमचं सगळं दिसत राहील."

"काढू नगं," सगुणाबाई म्हणाल्या. "ऱ्हाऊ दे."

नवरा हरिबा म्हणाला, "पोरगं गेलं, आन् तू घड्याळाचं काय घिऊन बसलीस?"

सगुणाबाईंनी मोबाईल उचलून पिशवीत ठेवला. दहाव्याला आलेल्या पाहुण्यांनी सांगितलं होतं, 'जागीच गेला, त्याला कळलंसुद्धा न्हाई.' त्या एका वाक्याच्या आधारावर त्या दिवस काढत होत्या.

आषाढात कारखान्यातल्या कागदांवर सह्या करायला मायलेकी कुरकुंभला गेल्या. सकाळचे नऊ वाजले होते. चौकातल्या हॉटेलात चहा घेताना पिशवीतला मोबाईल थरथरला. सहा महिन्यांत तो पहिल्यांदाच वाजला होता. सगुणाबाईंनी तो बाहेर काढून अंकिताच्या हातात दिला.

अंकितानं पडद्यावरचं वाचलं. "आई, घड्याळ जोडलं गेलंय."

"म्हंजी?"

"दादाचं घड्याळ इथंच हाय, जवळपास. कुणीतरी हातात घातलंय. हे बघ, ठोके. अठ्ठ्याहत्तर."

सगुणाबाईंनी पडद्यावर तळवा ठेवला. आकडा ऐंशी झाला, पुन्हा अठ्ठ्याहत्तर. चौकात टेम्पो, रिक्षा, पाळीला निघालेली माणसं. त्या उठून गर्दीत एकेकाच्या मनगटाकडं बघत फिरल्या. तेवढ्यात आकडा गेला.

परतीच्या एसटीत अंकिता ते अ‍ॅप मागं मागं सरकवत होती. इतक्या दिवसांत ते कुणी उघडलंच नव्हतं. अपघाताच्या तारखेला ती थांबली आणि तिनं मोबाईल पालथा केला.

"काय हाय? दाव मला."

अंकिताला सांगावं लागलं. सात बावीसला ठोके एकदम एकशे एकतीसवर गेले होते. बाईक तेव्हाच पडली असणार. त्यानंतर आकडे होते. सात तीस. सात एक्केचाळीस. शेवटचा सात चोपन्नचा, एकसष्ट.

सगुणाबाईंचं बालपण मेंढरांमागं गेलेलं. जनावर शेवटच्या घटकेला आलं की त्यांचे वडील कळप पुढं पाठवत आणि स्वतः त्याच्याजवळ बसून राहत. मेंढरालाही एकटं सोडायचं नसतं, हे त्या तिथं शिकल्या होत्या. आणि त्यांचा मुलगा बत्तीस मिनिटं रस्त्यावर जिवंत होता.

त्यानंतर त्यांना घास उतरेना. घरातलं भिंतीवरचं घड्याळ सात बावीसवर आलं की त्या हातातलं काम सोडून बसत, ते थेट चोपन्नपर्यंत. हरिबानं भिंतीवरून ते उतरवलं, तरी त्यांना वेळ कळायचीच.

"ज्याच्या हातात घड्याळ हाय, त्यानं त्याला बघितलंय," त्या अंकिताला म्हणाल्या. "मला घड्याळ नगं. मला त्यो मानूस पायजे."

पहाटेची एसटी धरून दोघी चार दिवस चौकात जाऊन बसल्या. चौथ्या दिवशी नऊच्या सुमाराला मोबाईल थरथरला. अंकितानं अ‍ॅपमधलं 'घड्याळ शोधा' दाबलं. हारांच्या दुकानासमोर एक माणूस टेम्पोतून झेंडूचे क्रेट उतरवत होता. त्यानं दचकून डाव्या मनगटावर हात ठेवला.

सगुणाबाई त्याच्यापुढं जाऊन उभ्या राहिल्या. "मी सुरजची आई."

पन्नाशीचा माणूस, अंगावर फुलांच्या पाकळ्या चिकटलेल्या. त्यानं हातातलं क्रेट खाली ठेवलं आणि तिथंच टेम्पोच्या चाकाला टेकून बसला. नाव जालिंदर. दौंडजवळच्या एका वाडीवर त्याचा फुलांचा मळा होता.

"फोन म्याच केला होता," तो म्हणाला. "त्याला पाणी पाजलं. मनगट सुजत होतं, घड्याळाचा पट्टा रुतत होता. काढा म्हणाला, म्हणून काढलं आन् खिशात टाकलं. चोरायचं मनात नव्हतं, माउली."

"मग?"

"मग सायरन ऐकू आला. लांबून. गाडीत जत्रेच्या हारांचा माल होता. म्हटलं, पोलीस आले की दिवसभर अडकवून ठेवत्यात. म्हणून निघालो."

"त्यो जिता होता?"

"व्हय."

"काय बोलला?"

जालिंदर मनगटावरचा पट्टा फिरवत राहिला. सगुणाबाईंनी पुन्हा विचारलं.

"'मामा, जाऊ नका' म्हणाला."

हारवाला दुकानातून डोकावला आणि आत गेला. अंकिता रडत होती. सगुणाबाईंच्या डोळ्यांत पाणी नव्हतं.

"आन् हातात कशापायी घालताय हे?"

"घरात ठिवलं तर पेटीतनं त्याच्या पाळीचा गजर वाजायचा. बंद पडलं, तर मीच चार्जर इकत आणला. फेकायला दोनदा नदीवर गेलो, हात झाला न्हाई. घातलं की जरा बरं वाटतंय. का, ते सांगता येत न्हाई मला."

त्यानं घड्याळ काढून पुढं केलं. पट्ट्याखाली कातडी पांढुरकी पडली होती. सगुणाबाईंनी ते घेतलं. त्यांनी त्याला शिवी दिली नाही, आणि माफ केलं असंही म्हणाल्या नाहीत. "माझ्या मालकास्नी यातलं काय सांगू नका कवा," एवढंच बोलून त्या वळल्या.

संध्याकाळी हरिबा ओट्यावर बसून वाट बघत होता. "घावला का?"

"घावला. चांगला मानूस हाय. शेवटपातूर जवळ बसून होता. पाणी पाजलं त्यानं."

हरिबानं टोपी काढून मांडीवर ठेवली आणि बराच वेळ मान हलवत राहिला. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा तो त्या संध्याकाळी दोन भाकरी जेवला. सगुणाबाई त्याला वाढत होत्या. जालिंदरनं सांगितलेले ते तीन शब्द त्यांनी ना त्याला सांगितले, ना अंकिताला पुन्हा काढू दिले.