युरोपची मागची बाजू

युरोपातून शिकून परत आले त्याला आता दोन वर्षं होतील. नागपूरला मिहानमधल्या एका कंपनीत नोकरी लागली, रोजची धावपळ सुरू झाली, तरी लग्नाकार्यात कोणीतरी गाठतंच आणि विचारतं, "काय काय पाह्यलं वं तिकडं?" मी खरं ते सांगते. प्रागच्या मोठ्या चर्चच्या मागे माळ्याची ढकलगाडी आणि उन्हात वाळत टाकलेले हातमोजे पाहिले. व्हिएन्नातल्या एका राजवाड्याच्या मागे खरकट्या ताटल्यांचे ट्रे आणि सिगरेट ओढत बसलेले दोन आचारी पाहिले. विचारणाऱ्याला वाटतं, ही आपली चेष्टा करते आहे. पण माझ्या फोनमधले फोटोही तसेच आहेत, आणि त्याला माझे बाबा जबाबदार आहेत.

आम्ही तांडापेठेतले विणकर. घरात खड्ड्याचा माग होता. बाबा खड्ड्यात पाय सोडून बसायचे, आई बाजूला कांड्यांवर सूत भरायची, आणि मी सातवीत जाईपर्यंत मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्याच्या खटखटीतच अभ्यास केला. बाबा करवतकाठी लुगडी विणायचे. करवतीच्या दातांसारखा काठ असतो तो. अंगाचा रंग वेगळा, काठाचा वेगळा, आणि दोन रंगांचे धागे जिथे भेटतात तिथे ते एकमेकांत अडकवावे लागतात. ते नीट जमलंय की नाही हे समोरून कळत नाही. म्हणून आमच्या घरात कोणतंही कापड हातात आलं की आधी उलटं करायचं. माझ्या आतेबहिणीच्या साखरपुड्यात बाबांनी भर मांडवात नवरीच्या शालूचा पदर उलटून पाहिला होता आणि "बरं हाय" असा शेरा दिला होता. आईनं त्यांच्याशी दोन दिवस अबोला धरला.

पुढे लुगड्यांची मागणी आटली. बाबांनी माग उकलला, लाकडं माळ्यावर टाकली आणि धंतोलीतल्या एका दवाखान्याच्या गेटवर नोकरीला लागले. निळा शर्ट, गळ्यात शिट्टी, गाडी आली की आडवा दांडा वर करायचा. गावोगावची माणसं पेशंट घेऊन येतात, पार भेदरलेली. त्यांना बाबा आधी खुर्ची देतात, पाणी देतात, मग काय झालं ते विचारतात. गाडीला तर कधी ताटकळत ठेवत नाहीत. हॉर्न वाजायच्या आधी दांडा वर, असा त्यांचा लौकिक आहे. या कामाची मला कधी लाज वाटली नाही. मला राग होता तो वेगळाच. तीस वर्षं मागावर बसलेला माणूस, पण कोणी विणकामाचा विषय काढला की म्हणायचा, "ते काई काम होतं का? गेलं ते." माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

जर्मनीला जायचं ठरलं, सांडपाण्याच्या शुद्धीकरणाचं शिक्षण घ्यायला. फॉर्म भरताना वडिलांचा व्यवसाय हा रकाना आला. मी म्हणाले, "विणकर लिहिते."

"सिक्युरिटी लिव," बाबा म्हणाले.

"तीस वर्षं काय केलंत मग?"

"खोटं काहून लिवतं? माग कुठी हाय? दाखव मले."

"माळ्यावर."

"माळ्यावर लाकडं हायेत. सिक्युरिटी लिव."

लिहिलं. इतकं दाबून लिहिलं की खालच्या कागदावर उमटलं. मी हट्टी आहे, आणि आईच्या मते ते बापाकडूनच आलं आहे. त्या दिवशी मनाशी पक्कं केलं की या माणसाच्या तोंडून एकदा तरी कबूल करून घ्यायचं, की ते काम होतं आणि ते त्याचं होतं. कसं, ते काही सुचत नव्हतं.

तिकडे गेल्यावर शनिवार-रविवारी स्वस्तातल्या बसमध्ये बसून मैत्रिणींबरोबर जुनी शहरं पाहायला निघायचे. प्रागला पोचल्यावर चर्चसमोर उभी राहून मोठ्या ऐटीत बाबांना व्हिडिओ कॉल लावला. सगळी नक्षी, उंच मनोरे, रंगीत काचा, सगळं दाखवलं. बाबांनी शांतपणे पाहिलं आणि म्हणाले, "मस्त हाय. मांगून कसं हाय?"

"मागून काय असणार?"

"मांगून दाखव ना वं. समोरून तं सारेच दाखवते."

मग मी त्या अजस्र इमारतीला वळसा घालून मागे गेले. माळ्याच्या गाडीशेजारी भिंतीत एके ठिकाणी झिजलेला दगड काढून नवा बसवला होता. बाबांनी मला तो तीनदा जवळून दाखवायला लावला. "ठिगळ चांगलं बसवलं," म्हणाले. "कोन होता तो मानूस?" मनोरे कोणी बांधले हे पाटीवर लिहिलं होतं, ठिगळ लावणाऱ्याचं नाव कुठेच नव्हतं. तेव्हापासून हा रिवाजच पडला. मैत्रिणी समोर तिकिटाच्या रांगेत आणि मी मागे कचरापेट्यांपाशी फोन धरून उभी. एकदा न राहवून विचारलंच, "विणकाम गेलं म्हणता, मग मागची बाजू कशाला बघता?"

"सवय हाय," बाबा म्हणाले आणि गाडी आल्याचं सांगून फोन ठेवून दिला.

शेवटच्या सत्रात बेल्जियममधल्या एका जुन्या गावी गेले. तिथल्या संग्रहालयात भिंतभर विणलेली चित्रं टांगलेली होती. शिकारी, कुत्रे, घोड्यावरची राणी, झाडाचं एकेक पान, सगळं मागावर विणलेलं, शेकडो वर्षांपूर्वीचं. पुढे दोरी बांधली होती. पाटीवर हाताचं चित्र आणि त्यावर लाल फुली होती. मला वाचता येतं, कळतंही. पण राणीच्या झग्याचा निळा आणि घोड्याचा पांढरा जिथे भेटत होते ती जागा मी पाहिली आणि हात आपोआप पुढे गेला. दोन बोटांनी कोपरा उचलून मी मागे डोकावले.

मागे काय, तर अस्तर! साधं पांढरं सुती अस्तर. एवढ्यात कुठेतरी घंटा वाजायला लागली आणि दालनातली सगळी माणसं वळून माझ्याकडे बघू लागली.

पहारेकऱ्यानं मला एका खोलीत नेलं. वयस्कर माणूस होता, एका पायावर भार देऊन उभा राहणारा. त्यानं आधी खुर्ची दिली, मग पाणी दिलं, आणि मला धंतोलीचं गेट आठवलं. पुढच्याच आठवड्यात माझा राहण्याचा परवाना वाढवून घ्यायचा होता. पोलिसांत तक्रार गेली तर शिक्षण अर्धवट टाकून नागपूरची वाट धरावी लागेल, एवढं एकच डोक्यात घुमत होतं.

थोड्या वेळानं एक पिकल्या केसांच्या बाई आल्या. अंगात एप्रन, गळ्यात भिंग. ही सगळी विणलेली चित्रं दुरुस्त करणं, सांभाळणं हे त्यांचं काम. त्यांनी आधी मला चांगलंच झापलं. बोटांचा घाम आणि तेल त्या धाग्यांना खातं, हे सांगितलं. मी निमूट ऐकलं, कारण चूक माझीच होती. मग त्यांनी विचारलं, "पण हात लावला कशासाठी?"

"मागची बाजू बघायला," मी म्हणाले. "आमच्या घरी कापडाची पारख समोरून करत नाहीत. माझे वडील विणकर आहेत."

बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. लोक मऊ लागतं का बघायला हात लावतात, फोटोसाठी लावतात, पण मागची बाजू बघायला कोणी लावल्याचं त्यांना आठवत नव्हतं. त्यांनी पहारेकऱ्याला काहीतरी सांगितलं. तो हसला आणि मला दार उघडून दिलं. "चल," बाई म्हणाल्या, "अस्तर काढलेलं एक दाखवते."

त्यांच्या कार्यशाळेत लांबलचक टेबलावर एक विणलेलं चित्र पालथं घातलेलं होतं. समोरच्या बाजूचे रंग उजेडानं विटून गेलेले असतात, पण मागे उजेड पोचलेलाच नव्हता. हिरवा, लाल, केशरी, सगळे कालच रंगवून आणल्यासारखे ताजे. धाग्यांची टोकं, गाठी, एका रंगातून दुसऱ्यात जाताना घेतलेली वळणं, सगळं उघडं. मला तिथे रडू आलं. हे मी घरात जमिनीवर मांडी घालून पाहिलेलं होतं. बाईंना विचारून मी बाबांना कॉल लावला. नागपुरात दुपारचे साडेतीन वाजले होते. बाबा गेटवर, निळ्या शर्टात.

"हे काय हाय?"

"विणलेलं चित्र आहे, बाबा. मागून."

त्यांनी खिशातून चष्मा काढून लावला. फोन डोळ्यांजवळ नेला. "हळू घे. डावीकडं. आनखी. थांब." मी थांबले. "इथं मानूस बदलला."

"म्हणजे?"

"इथपर्यंत एक जन हाय. पाह्य, कसं घट्ट ठोकलं हाय त्यानं. इथून दुसरा बसला. त्याचा हात सैल हाय, पन रंग बदलते त्या जागी पाह्य कसा साफ हाय. मोठा कारागीर हाय हा, बाप्पा!"

मी बाईंना इंग्रजीत सांगितलं. त्यांनी भिंग लावून ती जागा पाहिली. मग म्हणाल्या की धागे मोजून पाहिल्यावर त्यांनाही तिथे दोन हात असल्याची शंका आली होती, फक्त अजून कोणाला सांगितलं नव्हतं. मी ते बाबांना सांगितलं.

"मोजाले काहून लागते?" बाबा म्हणाले. "दिसून राह्यलं ना!"

चित्र कशाचं आहे हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. मी त्या टेबलापाशी ताठ उभी होते. त्या खोलीत सगळ्यात जाणता माणूस धंतोलीच्या गेटवर उभा होता आणि तो माझा बाप होता.

बाईंनी एक जाडजूड वही काढली. या कापडाबद्दल जो कोणी काही सांगतो त्याची त्यात नोंद होते, नाव आणि व्यवसायासकट. त्यांनी वही माझ्यापुढे सरकवली, हातात पेन दिलं. मी अडखळले. सिक्युरिटी लिव, हे मला आत्ताही ऐकू येत होतं.

"बाबा," मी म्हणाले, "या विचारतायत की तुमचा..."

तेवढ्यात तिकडे हॉर्न वाजला. बाबांच्या मागे एक पांढरी गाडी बाहेर पडायला येऊन थांबली होती, आणि दांडा खालीच होता. पुन्हा हॉर्न. बाबा वळले. मला वाटलं, आता फोन कटणार. त्यांनी गाडीवाल्याला हाताचा पंजा दाखवला.

"दोन मिनिट थांबा जी. माह्या कामाचं बोलून राह्यलो." मग चष्मा सारखा करत पुन्हा माझ्याकडे वळले. "हं, काय इचारते त्या बाई?"

"काही नाही," मी म्हणाले.

वही पुढे ओढून मी त्यांचं नाव लिहिलं आणि त्यापुढे लिहिलं, विणकर. खालच्या पानावर उमटेल इतकं दाबून.