पूजेतला कार्बुरेटर

गुलाबराव गेल्याची बातमी माझ्यापर्यंत आली ती त्यांच्याविषयीच्या एका खोट्यासकट. सकाळी मी ओसरीवर दाढी करीत बसलो होतो. पिंपळगाव राजाहून आलेल्या माणसाने फाटकाला सायकल टेकवली आणि तिथूनच सांगितले, "वकीलसाहेब, मोठे मालक गेले. पहाटं. झोपीतच." मी तोंडावरचा साबण पुसतो न पुसतो तोच तो पुढे म्हणाला, "देवाचा पाट लाथाडला व्हता म्हन्तात त्यायनं, तरी बी मरन कसं सुखाचं आलं पाहा." या माणसाचा जन्म त्या घटनेनंतरचा. मी त्याला पाणी दिले, आणि तो पीत असताना सांगितले की पाट कोणी लाथाडला नव्हता. मी तिथे उभा होतो. त्याने मान हलवली, पण म्हाताऱ्याची समजूत काढावी तशी.

पुढे खामगावात शोकसभा झाली. तिथे एका निवृत्त अधिकाऱ्यांनी, ज्यांनी गुलाबरावांना आयुष्यात कधी मोटरीखाली आडवे झालेले पाहिले नाही, नेमकी उलटी कथा सांगितली. श्रद्धेच्या बेड्या तोडून पूजेतली हत्यारे हिसकावून घेणारा, मायलेकरू दोघांचेही प्राण वाचवणारा सुधारक वगैरे. टाळ्या पडल्या... शोकसभेत टाळ्या! मी उठून उभा राहिलो, तेव्हा अध्यक्षांनी वेळ संपल्याचे सांगून मला बसवले. इथे मला बसवणारे कोणी नाही. म्हणून लिहितो.

वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता तेव्हाची ही हकिगत. आमची अपिले नागपूरला चालत आणि आमच्या मोटरींचे सुटे भाग मुंबईहून रेल्वेने येत. मोटर बाळगणारे जिल्ह्यात बरेच होते, पण ते मागे बसत आणि ड्रायव्हर चालवी. ती स्वतःच्या हाताने उघडून पुन्हा जोडणारे आमच्या ओळखीत आम्ही तिघेच: खामगावात मी, वरवट बकालला त्र्यंबकराव आणि पिंपळगाव राजाला गुलाबराव. गुलाबरावांनी कडब्याची कोठी रिकामी करून तिचा मोटारखाना केला होता. मोटरीखाली उभे राहून काम करता यावे म्हणून जमिनीत घडीव दगडांचा खड्डा बांधला होता, आणि भिंतीवर प्रत्येक पान्याची, प्रत्येक पेचकसाची आकृती गेरूने रेखली होती. एखादे हत्यार जागेवर नसले की भिंतच बोंब मारी. माझा मोटारखाना त्याहून सरस होता असे मी तेव्हाही म्हणत असे आणि आजही म्हणतो. माझ्याकडे पायाने चालणारे लेथ होते, त्यांच्याकडे नव्हते. पण माणूस मोटारखान्यात शिरला की त्याला जोडे काढावेसे वाटावेत, असे मात्र गुलाबरावांकडेच होई.

आम्ही एकमेकांचे मोटारखाने पाहायला जात असू ते खंडेनवमीला. त्या दिवशी हत्यारे घासूनपुसून पाटावर मांडायची, हळदकुंकू, अक्षता, झेंडूची फुले वाहायची, आणि दसऱ्याच्या उत्तरपूजेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही, हा शेतकऱ्याच्या नांगरापासून सुताराच्या वाकसापर्यंत सर्वांचा रिवाज. मोटर हेही वाहनच, तेव्हा तिलाही विसावा. परिणामी मोटरी दाखवायला आणि पाहायला निघालेले आम्ही तिघे मोटरवाले बैलांच्या दमणीत बसून धूळ खात जात असू. लोक हसत. आम्हीही हसत असू, पण प्रत्येकाचे डोळे दुसऱ्याच्या पाटावर असत. आदल्या वर्षी वरवट बकालला त्र्यंबकरावांनी एका मोडीत काढलेल्या इंजिनाचा पिस्टन चांदीसारखा उजळून पूजेत ठेवला होता. ते गुलाबरावांना सलत होते.

त्या वर्षी पाळी पिंपळगावची. त्र्यंबकराव आदल्या दिवशीच माझ्याकडे मुक्कामाला आले आणि आम्ही पहाटे दमणी जुंपून निघालो. पोचलो तेव्हा पूजा होऊन गेली होती. पाटाच्या मधोमध, पानांच्या आणि फुलांच्या गर्दीत, गुलाबरावांच्या चालत्या मोटरीचा कार्बुरेटर ठेवलेला! पितळ असे लखलखत होते की त्यात झेंडू दिसत होता. वर हळदीची बोटे, कुंकू, अक्षता.

"काय हो गुलाबराव, मोटरचं काळीजच काढून मांडलं!" त्र्यंबकराव म्हणाले.

"मंग? मेलेल्या इंजिनाचा पिस्टन कोनी बी मांडते," गुलाबराव म्हणाले आणि माझ्याकडे पाहून डोळे मिचकावले. त्यांचा तसा हसरा चेहरा मी त्यानंतर पाहिलेला नाही.

जेवणे होऊन पाने खात असताना किसना आला. किसना हा शेजारच्या गल्लीतला, चार एकरांचा धनी. त्याची बायको साळू आदल्या दिवसापासून अडली होती, आणि सुईणीने आता हात टेकले होते. खामगावच्या दवाखान्यात नेल्याशिवाय गत्यंतर नव्हते, आणि बैलगाडीचे हिसके सोसतील अशी तिची अवस्था नव्हती. किसना उंबऱ्याबाहेरच थांबून म्हणाला, "मालक, मोटर..." आणि त्याचे पाटाकडे लक्ष गेले. तो यंत्रातले काही जाणत नव्हता, पण मोटरीचे पोट उघडे आहे आणि तिचा तुकडा देवापुढे आहे एवढे त्याला दिसले.

आता इथून पुढे मी जे लिहितो आहे ते नीट वाचावे. गुलाबरावांनी पाटाला पाय लावला नाही. त्यांनी हिसकावूनही काही घेतले नाही. ते हातपाय धुऊन आले, पाटापुढे बसले आणि अक्षता हातात घेतल्या. त्र्यंबकरावांच्या लक्षात आले. "उत्तरपूजा? नवमीला? गुलाबराव, हे बसत नाही कशात. भटजींना तरी विचारा."

"भटजी साखरखेर्ड्याले गेले. येईपर्यंत तिनं थांबाव का?"

पण खरा अडथळा त्र्यंबकराव नव्हते. खरा अडथळा किसना होता. तो आत येऊन गुलाबरावांच्या आणि पाटाच्या मध्ये उभा राहिला. हात जोडलेले, पण वाट अडवलेली. "मालक, माफी करा. देवाचं मोडून नेलं अन् वाटंत काही झालं, तं मी कोनाले सांगू?"

"मले सांग," गुलाबराव म्हणाले. "मी हाय ना. काऊन भेतं?"

हा एक शब्द देऊन त्यांनी काय अंगावर घेतले हे त्या क्षणी आमच्यापैकी कोणालाच कळले नाही. किसना बाजूला झाला. गुलाबरावांनी अक्षता वाहिल्या, नमस्कार केला, पाट जागचा थोडा हलवला आणि पूजा सोडली. देवतेला त्यांनी रीतसर निरोप दिला. फक्त एक दिवस आधी. त्र्यंबकराव पाठ फिरवून दारात उभे होते, त्यामुळे त्यांनी हे पाहिले नाही. पुढे लाथेची गोष्ट त्यांच्या तोंडून निघाली आणि त्यांच्या तोंडून निघाली म्हणून गावाने खरी मानली. ते आज हयात नाहीत. असते तरी हेच लिहिले असते, आणि हे ज्यात छापले जाईल तो अंक त्यांना स्वतःच्या हाताने नेऊन दिला असता.

कार्बुरेटर जोडायला मी मदत केली. गुलाबरावांचे हात एरवी सोनाराचे. त्या दिवशी एकच पेच दोनदा हातातून सुटला. वरची हळद त्यांनी धोतराच्या सोग्याने पुसली. आत काय गेले आहे ते पाहायला सवड नव्हती. साळूला मागच्या बाकावर निजवले. सुईण पायाशी बसली, किसना मोटरीच्या बाहेरच्या पायरीवर उभा राहिला, मी पुढे. गाव सोडेपर्यंत इंजिन गोड चालले. पहिल्या नाल्याच्या उतारावर ते खोकले. चढावर पुन्हा खोकले आणि बंद पडले.

मागून साळूचे कण्हणे. किसना पायरीवरून उतरला आणि गावाच्या दिशेला तोंड करून, हात जोडून, रस्त्यातच गुडघ्यांवर बसला. "कोपला," तो म्हणाला. "म्या सांगतलं व्हतं... कोपला." सुईण रडू लागली. मी म्हणालो, माघारी फिरून दमणी आणावी. गुलाबरावांनी मला एका शब्दाने गप्प केले, जो इथे छापता येणार नाही. त्यांनी बॉनेट उघडले. पितळ तापलेले, बोटे भाजत होती. कार्बुरेटरच्या तळाचा पेच काढून त्यांनी जेट बाहेर घेतली. जेट म्हणजे पेट्रोल जाण्याची बारीक भोकाची नळी. तिचे भोक लालपिवळ्या चिखलाने बुजलेले होते. हळद, कुंकू आणि अक्षतेचा एक कण.

ते तशीच जेट तळहातावर घेऊन किसनापुढे जाऊन बसले. "इकडं पाहा. पाहा म्हन्तो ना! देव नाई कोपला. माह्या हातची हळद हाय हे. म्याच लावली, मिरवाले. शिव्या द्याच्या तं मले दे, त्याले काऊन बोल लावतं?" मग जेट तोंडात धरून त्यांनी फुंकली, थुंकले, पुन्हा फुंकली. ओठांना पेट्रोल लागून ते सोलवटले. मी हँडल मारले आणि मोटर सुरू झाली.

या थांबण्याला किती वेळ लागला, यावरही लोक वाद घालतात. गावात सांगतात, सूर्य कलला. मी सांगतो, एक विडी ओढून व्हावी एवढाच.

साळू वाचली. मूल वाचले नाही. शोकसभेतल्या टाळ्यांना हे माझे उत्तर. आणि देवाच्या कोपाचा प्रसार करणाऱ्यांना उत्तर हे की, दवाखान्याच्या व्हरांड्यात डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांना स्वच्छ सांगितले: मूल तुम्ही घरून निघण्याच्या आधीच पोटात गेलेले होते, आणखी उशीर झाला असता तर आईही गेली असती. मी हे कानांनी ऐकले. गुलाबरावांनीही ऐकले. "आधी म्हंजे नक्की आधी ना बाई?" त्यांनी विचारले, आणि बाई "हो" म्हणाल्या. परतताना नाल्याशी आल्यावर त्यांनी मोटर हळू केली आणि म्हणाले, "बाई लई दयाळू हाय."

लोकांशी भांडणे मला कधीच जड गेले नाही. जड गेले ते गुलाबरावांशी भांडणे. त्या वर्षानंतर त्यांनी खंडेनवमीला मोटारखाना दाखवणे बंद केले. आम्ही गेलो तर चहा ओसरीवर. पूजा होई, पण पाटावर साधे पाने आणि पेचकस. मोटर मात्र जोडलेली, पेट्रोल भरलेली, तोंड रस्त्याकडे केलेली. कोणी म्हणाले देवाला भ्याले, कोणी म्हणाले देव सोडला. दोन्ही झूट. पंचक्रोशीतली कुठलीही बाई अडली की मोटर दारात उभी राही, आणि किसना, ज्याने गुलाबरावांना एका अक्षराने कधी दोष दिला नाही, तोच पायरीवर उभा राहून वाट दाखवी. मी त्यांच्यापुढे पुरावे मांडत राहिलो. डॉक्टरची साक्ष, सुईणीचा जबाब, वेळेचा हिशेब. जज्जापुढे मांडले असते तर निकाल खचित माझ्या बाजूने लागला असता. ते ऐकून घेत आणि म्हणत, "तुमच्याजवळ पुरावा हाय, वकीलसाहेब. माह्याजवळ तो नाला हाय." शेवटच्या भेटीतही, अंथरुणावर, आम्ही याच मुद्द्यावर भांडलो. मी रागाने उठून आलो. त्याची मला लाज नाही. मित्राने स्वतःवर खोटा आळ घेतला तर रागवायचे नाही तर करायचे काय?

तेराव्यानंतर मी पिंपळगावला गेलो. त्यांच्या थोरल्या चिरंजीवांनी मोटारखाना उघडला. आत साळूबाई होती. किसना केव्हाच गेला. ती आता वाकली आहे. मोटरीवरची धूळ पदराने झटकत होती. मी तिथेही न राहवून विचारले, तुला तरी काय वाटते बाई, त्या दिवशी नाल्यापाशी थांबल्याने...

तिने मला पुरते बोलू दिले नाही. "मले नाई का ठाव, वकीलदादा? पोटात हालचाल आदल्या रातीपासूनच नव्हती. आईले समजत नाई का?"

"मग हे गुलाबरावांना कधी सांगितलेस का?"

"दर साली सांगो. म्हनत, साळू, तू मले बरं वाटाव म्हून बोलतं. पुढं पुढं म्या सांगनं सोडलं. मानसाले नाई घ्याचं तं नाई घेत."

तिने मोटरीचे मागचे दार उघडले. आतला बाक कधीच काढून टाकलेला होता, आणि त्या जागी पुरुषभर लांबीची कापसाची गादी अंथरलेली होती, धुवट खोळ घातलेली. दर हंगामाला नवा कापूस घरात आला की गुलाबराव ती उसवून साळूबाईकडून पुन्हा भरून घेत, असे चिरंजीवांनी सांगितले. मला हे ठाऊक नव्हते. तिने गादीवर तळहात दाबून पाहिला.

"बसली," ती म्हणाली. "औंदाची भराची राह्यली. कापूस येऊ द्या घरात, मंग भरीन."

"साळूबाई, मोटर तं आता चालत बी नाई," चिरंजीव म्हणाले.

"चालत नसन," साळूबाई म्हणाली, आणि गादीची खोळ उसवायला बसली.