न थांबणारी गाडी

कांदिवलीच्या आमच्या वस्तीतल्या बुद्धविहारात मी दर रविवारी सकाळी नववीच्या मुलांना विज्ञान शिकवते. त्या दिवशी गतीचा पहिला नियम होता. मी म्हणाले, ‘‘चालत्या वस्तूला कशानेच अडवलं नाही, तर ती त्याच वेगाने सरळ चालतच राहते.’’

पुढे बसलेली एक मुलगी म्हणाली, ‘‘पण टीचर, सगळं थांबतंच ना! तुम्ही बघितलीय का न थांबणारी वस्तू?’’

मी बघितली नव्हती. इतकी वर्षं शिकवत होते, तरी नव्हती.

मग पुस्तक मिटलं. तिरक्या फळीवरून खेळण्यातली गाडी सोडली. सतरंजीवर ती एका लादीएवढी गेली, उघड्या जमिनीवर चार लाद्या.

पुढच्या रविवारी त्या मुलीने फळकुटाला चार बेअरिंगं लावून गाडी आणली. तिचे वडील साकीनाक्याच्या कारखान्यात लेथ मशीनवर काम करतात. ही गाडी सात लाद्या गेली. ‘‘ग्रीस भरू या, अजून पळेल,’’ पोरं म्हणाली. भरलं, तर पाचवरच थांबली! का, ते मलाही कळेना.

त्यानंतरच्या रविवारी तिचे वडील स्वतःच आले. ‘‘एवढ्याशा गाडीला एवढं ग्रीस? चिखलात चालवल्यासारखं झालं ते,’’ ते हसले. त्यांनी बेअरिंगं रॉकेलने धुतली, पातळ तेलाचा एकेक थेंब सोडला. गाडी थेट समोरच्या भिंतीवर आदळली.

‘‘जमीन उतरती असेल,’’ एक मुलगा म्हणाला.

‘‘मग उलट्या बाजूने सोड,’’ वडील म्हणाले.

तिकडूनही ती भिंतीपर्यंत गेली. मुलीने धावत जाऊन त्या भिंतीतलं दार उघडलं आणि गाडी पुन्हा सोडली. आता ती दारातून लांबलचक व्हरांड्यात गेली आणि अगदी टोकाला जाऊन थांबली.

‘‘थांबलीच शेवटी,’’ मुलगी म्हणाली.

वडील उकिडवे बसून गाडीकडे बघत होते. ‘‘म्हणजे मॅडम, चालत राहायला काही लागत नाही. थांबायलाच काहीतरी लागतं?’’

इतक्या सोप्या शब्दांत मी तो नियम कधी सांगितला नव्हता. ‘‘हो, तेच,’’ मी म्हणाले.

‘‘पप्पा, तुम्हाला कसं कळलं?’’

‘‘अगं, रोज बेअरिंगं बसवतो मी. पण असं कधी बघितलंच नव्हतं.’’ मग ते माझ्याकडे वळले. ‘‘आणि वर अवकाशात सोडली तर? तिथे लादी नाही, हवा नाही.’’

सगळ्या पोरांनी माझ्याकडे पाहिलं. ‘‘कशानेच अडवलं नाही, तर ती थांबणारच नाही,’’ मी म्हणाले, आणि पुढच्या प्रश्नांत वर्ग तासाभराने लांबला. वडील सतरंजीवर मुलीशेजारीच बसले होते.