दुखऱ्या बाजूने

आमचे हे दिवसभर बसडेपोत ब्रेक बसवतात आणि संध्याकाळी क्लबच्या पोरींना फुटबॉलमध्ये न थांबता कसं निसटायचं ते शिकवतात. डेपोच्या फुटबॉल संघात हे वर्षानुवर्षं डिफेंडर होते आणि फार चांगले होते अशातला भाग नाही. येणारा-जाणारा यांना चकवून जायचा. म्हणूनच समोरचा कोणत्या युक्तीला फसतो, हे यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही.

सरावाला हे स्वतःच आडवे उभे राहतात. एकेक पोरगी चेंडू घेऊन अंगावर येते आणि यांच्या तोंडाचा पट्टा सुरू होतो. "चेंडूकडे काय बघतेस? तो काही पळून जात नाही. माझ्या कमरेकडे बघ!" खांदा एकीकडे टाकायचा, समोरच्याचं वजन त्या पायावर गेलं की चेंडू दुसरीकडे ढकलायचा आणि पसार व्हायचं. कधी चेंडूवरून नुसताच पाय फिरवून हूल द्यायची. कडेच्या बाकावर उसवलेल्या जर्सी शिवता शिवता मलाही आता हे सगळं पाठ झालंय.

सगळ्यांत तरबेज भिंगरी. आमच्या घरासमोरच्या नर्सबाईंची मुलगी, एवढीशी पोर, पण पाय एका जागी ठरतील तर शपथ.

यंदा क्लबच्या सेक्रेटरींनी यांना बोलावून सांगितलं, "या वेळीही स्पर्धेच्या पहिल्याच सामन्यात बाहेर पडलो, तर पोरी नव्या कोचकडे जातील. तरुण आहे, निदान पळतो तरी." हे घरी आले, जेवले आणि "बघू" एवढंच म्हणाले. माझ्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. यांचा डावा गुडघा दुखतो, डोकं तर शाबूत आहे ना! आणि पोरी गेल्या तर हा माणूस खचेल, हे मला दिसत होतं.

सामन्याच्या पहिल्या हाफमध्येच पितळ उघडं पडलं. आमची प्रत्येक पोरगी हूल देत होती उजवीकडे आणि निघत होती डावीकडून. एकदा चाललं, दोनदा चाललं. मग समोरच्या संघाची एक ताडमाड डिफेंडर आधीच डावीकडे जाऊन ठाण मांडायला लागली, आणि आमच्या पोरी तिच्यावर जाऊन आपटायला लागल्या. एक गोल बसला तो वेगळाच.

मध्यंतरात हे भडकले. "दोन्ही बाजू शिकवल्यात ना मी? उजवीकडे काय वाघ बसलाय?"

पोरींनी भिंगरीला पुढे ढकललं. ती म्हणाली, "काका, तुमचा गुडघा."

"माझ्या गुडघ्याचं काय मध्येच?"

"तुम्ही समोर उभे असता ना, तर आमची उजवी बाजू म्हणजे तुमची डावी. तिकडून गेलं की तुम्हाला गर्रकन वळावं लागतं. मग तुम्ही तोंड असं करता." तिने तोंड करून दाखवलं, अगदी हुबेहूब. "म्हणून आम्ही सगळ्यांनी ठरवलंय, तिकडून जायचंच नाही."

माझी सुई थांबली. ज्या दुखण्याचं मी नाव काढलं तरी हे अंगावर येतात, ते या पोरी इतके दिवस न बोलता जपत होत्या. मला भरून आलं. यांचेही डोळे भरले होते, उगाच धूळ गेली म्हणून सांगू नका म्हणावं. पण हे तरातरा कडेच्या रेषेपाशी जाऊन पाय फाकवून उभे राहिले.

"चल, भिंगरी. उजवीकडून."

"नको ना, काका."

"अहो, गुडघा!" मी ओरडले.

"तू थांब गं जरा. माझी दया येत असेल तर घरी येऊन पाय चेप, पोरी. मैदानात मी तुझा कोणी लागत नाही. चल!"

ती आली. डावा खांदा टाकला, यांचं वजन तिकडे गेलं, आणि चेंडू उजवीकडून सटकला. हे वळायला गेले आणि धपकन बसले. तोंडही तस्संच झालं. बसल्या बसल्याच म्हणाले, "दुखलं. पण मेलो का? मग! आता त्या ताडमाडीच्या गुडघ्याची काळजी तिच्या आईला करू दे."

खेळ सुरू झाला. ताडमाड मुलगी सवयीने डावीकडे सरकली, भिंगरी उजवीकडून निघाली, आणि पुढे सगळं मैदान मोकळं होतं. बरोबरी झाली. त्यानंतर ती बिचारी कोणत्या बाजूला उभी राहू म्हणून गोंधळली, आणि शेवटी शेवटी भिंगरीनेच दुसरा गोल केला. सेक्रेटरी टाळ्या वाजवत आले. नव्या कोचचं नाव त्यांनी काढलं नाही, मीही काढू दिलं नसतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हे गुडघ्याला पट्टा बांधून पुन्हा आडवे उभे राहिले. भिंगरी भरधाव आली आणि सरळ दुखऱ्या बाजूने गेली. तिच्यामागून दुसरी, मग तिसरी. कुणी म्हणून दयामाया दाखवली नाही. हे दरवेळी वळत होते, तोंड वाकडं करत होते आणि खुशीत येऊन ओरडत होते, "अगं, आता डावीकडे काय वाघ बसलाय?"

मी घरी येताना तेलाची मोठी बाटली घेऊन आले.